लुआ : एका भाषेच्या पोटातला इतिहास

इतिहासलेखनाने राजेरजवाड्यांच्या पलीकडे पाहायला सुरुवात केली त्याला आता बराच काळ लोटला. शेती, नाणी, रस्ते, अवजारे यांचे इतिहास लिहिले जातात, आणि नांगराला लोखंडी फाळ केव्हा आला यावरून समाजाच्या घडणीविषयी काही सांगता येते, हे आपण मान्यही केले आहे. परंतु आजच्या काळातले एक महत्त्वाचे अवजार या इतिहासातून सुटून गेले आहे. संगणकाला काम सांगण्याची भाषा, म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा, हे ते अवजार होय. ते कोणी घडवले, कोणत्या गरजेतून घडवले, त्याच्या पोटात काय आहे आणि ते बिघडले तर दुरुस्त कोण करते, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. ते केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमच्या वर्गात भाषांचा इतिहास एका परिच्छेदात आटोपतो. फोर्ट्रान १९५७ मध्ये आयबीएमने आणली, सी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये झाली, जावा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणली. हा परिच्छेद खोटा नाही. पण त्यातून विद्यार्थी एक न लिहिलेला धडा शिकतो, तो असा की भाषा तिकडे होतात आणि आपण त्या इकडे पाठ करायच्या. ज्यांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ही पहिलीच पिढी आहे, आणि मीही त्यातलीच, त्यांच्या मनात हा धडा फार खोल जातो. ग्रंथ दुसऱ्याचा आणि घोकणे आपले, ही विभागणी त्यांना मुळीच नवी नसते.

म्हणून मला येथे एका भाषेचा इतिहास सांगायचा आहे. तिचे नाव लुआ. पोर्तुगीज भाषेत लुआ म्हणजे चंद्र. ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे तीन माणसांनी केली : रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेइरेदो आणि वाल्देमार सेलेस.

(१)

ब्राझीलने १९७७ पासून १९९२ पर्यंत संगणकाच्या बाबतीत कडक व्यापारबंदीचे धोरण पाळले. आपली यंत्रे आणि आपले सॉफ्टवेअर आपणच करू शकतो व केले पाहिजे, अशी राष्ट्रीय भावना त्यामागे होती. या धोरणाचे गुणदोष हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बाहेरचे घेता येत नसल्यामुळे लोकांना आपल्या हातांनी करण्याची सवय लागली हे खरे, आणि बंद दाराआड अनेकांना महाग व मागासलेल्या यंत्रांवर काम करावे लागले हेही तितकेच खरे. एका बाजूचे सांगून दुसरी लपवणे हे इतिहासाचे काम नव्हे.

रिओच्या पाँटिफिकल कॅथॉलिक विद्यापीठात १९८७ मध्ये तेकग्राफ नावाचा संगणकीय चित्रणाचा एक गट स्थापन झाला. त्याचे मोठे गिऱ्हाईक होते पेत्रोब्रास, म्हणजे ब्राझीलची सरकारी नियंत्रणाखालची तेल कंपनी. तेथील अभियंत्यांना आकडेमोडीच्या मोठ्या प्रोग्रॅमना माहिती पुरवावी लागे. आकड्यांच्या त्या लांबलचक फाइली हाताने भरायच्या, आणि एक रकाना चुकला की सगळेच चुकले. हे काम सोपे करण्यासाठी तेकग्राफने दोन छोट्या भाषा केल्या. एक होती डेल, माहिती भरण्यासाठी. दुसरी होती सोल, खडकांच्या थरांच्या आलेखांची मांडणी ठरवण्यासाठी. सोल या शब्दाचा पोर्तुगीज अर्थ सूर्य.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वापरणाऱ्या अभियंत्यांनीच अधिक मागायला सुरुवात केली. ‘जर असे असेल तर तसे कर’ हे सांगता आले पाहिजे, एखादी कृती पुन्हा पुन्हा करवता आली पाहिजे, असे ते म्हणू लागले. म्हणजे त्यांना खरीखुरी प्रोग्रॅमिंगची भाषा हवी होती, फक्त ती अवघड नको होती, कारण त्यांचा पेशा प्रोग्रॅमिंगचा नव्हता. तेव्हा उपलब्ध असलेल्या भाषा या तिघांनी तपासल्या. टीसीएलची मांडणी अपरिचित होती आणि ती युनिक्सवरच चाले. लिस्पच्या घराण्यातील भाषांचे कंस पाहूनच अभियंते मागे हटले असते. पायथॉन अजून बाल्यावस्थेत होती. आणि तेकग्राफच्या गिऱ्हाइकांकडे तर नाना प्रकारची यंत्रे होती, त्या सगळ्यांवर चालेल असे काहीतरी हवे होते. १९९३ च्या मध्यास तिघे एकत्र बसले आणि डेल व सोल बाजूला ठेवून एकच भाषा करायची असे ठरले. सूर्यानंतर चंद्र, म्हणून नाव ठेवले लुआ.

(२)

भाषेचे पोट म्हणजे काय, हे आता पाहू. आपण लिहिलेला मजकूर यंत्राला थेट समजत नाही. लुआ प्रथम त्या मजकुराचे बाइटकोड नावाच्या छोट्या छोट्या आज्ञांमध्ये रूपांतर करते, आणि त्या आज्ञा एक काल्पनिक यंत्र पाळते. या काल्पनिक यंत्राला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते सी भाषेत लिहिलेले आहे, तेही प्रमाणित सीच्या मर्यादेत राहून. त्यामुळे जेथे सीचा कम्पायलर आहे तेथे लुआ जाऊ शकते. नाना प्रकारची यंत्रे ही अडचण होती, तिनेच भाषेला हा गुण दिला.

पहिली दहा वर्षे हे यंत्र स्टॅकवर चालत होते. स्टॅक म्हणजे ताटांची चवड. ‘ब आणि क यांची बेरीज अ मध्ये ठेव’ असे सांगितले, की ब चवडीवर ठेवायचा, क चवडीवर ठेवायचा, वरची दोन उचलून बेरीज पुन्हा वर ठेवायची, आणि शेवटी ती अ मध्ये न्यायची. एका बेरजेला चार आज्ञा लागल्या. २००३ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत हे यंत्र बदलले. आता प्रत्येक स्थानिक नावाला ठरलेली जागा, म्हणजे रजिस्टर, मिळाली आणि तीच बेरीज एका आज्ञेत होऊ लागली. एकेक आज्ञा ३२ बिटांची, म्हणजे आधीपेक्षा लठ्ठ झाली, पण आज्ञांची संख्या घटली आणि मधली उचल-ठेव वाचली. सगळ्या यंत्राला मिळून केवळ ३५ प्रकारच्या आज्ञा पुरल्या. व्यापक वापरातल्या भाषांमध्ये हा मार्ग तेव्हा चालू नव्हता. बहुतेकांची यंत्रे स्टॅकची होती. रिओतल्या तिघांनी तो मार्ग आधी धरला.

दुसरी गोष्ट टेबलाची. इतर भाषांमध्ये यादी वेगळी, कोश वेगळा, वस्तू वेगळी. लुआत या सर्वांसाठी एकच रचना आहे, ती म्हणजे टेबल. वापरणाऱ्याला एकच गोष्ट शिकावी लागते, हा तिचा लाभ. पण एकाच भांड्यात सगळे शिजवायचे तर भांडे आतून नीट असावे लागते. ५.० पासून प्रत्येक टेबलाचे आत दोन भाग झाले : १, २, ३ अशा क्रमाने येणाऱ्या गोष्टींसाठी सलग जागा, आणि बाकीच्यांसाठी विखुरलेली. सलग भाग किती मोठा ठेवायचा याचा नियम साधा आहे. त्यातल्या निम्म्याहून अधिक जागा भरलेल्या असल्या पाहिजेत. एक ते शंभरपर्यंत सगळे आकडे असतील तर ते सलग भागात जातात. मध्येच कोणी एक लाखाव्या क्रमांकावर काही ठेवले, तर त्यासाठी लाखभर रिकाम्या खुर्च्या मांडल्या जात नाहीत, ते विखुरलेल्या भागात जाते. हे सारे वापरणाऱ्याला दिसत नाही आणि दिसण्याची गरजही नाही. परंतु जो शिकतो आहे त्याने ते पाहिलेच पाहिजे.

(३)

आता सर्वांत कठीण भागाकडे येऊ. प्रोग्रॅम चालू असताना स्मृतीत असंख्य वस्तू निर्माण होतात आणि निरुपयोगी होतात. त्या उचलून जागा मोकळी करणाऱ्या यंत्रणेला गार्बेज कलेक्टर म्हणतात. आपण तिला सफाई म्हणू. समाजात असो की संगणकात, सफाईचे काम कोणाच्या नजरेत येत नाही, पण ते थांबले की सगळेच थांबते.

५.० पर्यंत ही सफाई सगळे काम थांबवून होत असे. तोवर लुआ संगणकीय खेळांमध्ये पोचली होती. लुकासआर्ट्सच्या ‘ग्रिम फँडँगो’ या १९९८ च्या खेळात ती वापरली गेली होती. चालू खेळात चित्र क्षणभर गोठले तर खेळणाऱ्याला ते लगेच जाणवते. म्हणून २००६ च्या ५.१ आवृत्तीत सफाई थोडी थोडी करण्याची पद्धत आली. थोडे काम प्रोग्रॅमने करायचे, थोडी सफाई व्हायची, पुन्हा प्रोग्रॅम.

यात प्रत्येक वस्तूला तीन रंगांपैकी एक मिळतो. अजून न पाहिलेली वस्तू पांढरी. पाहिली, पण तिच्या आत काय आहे ते अजून पाहिले नाही, ती करडी. आतूनबाहेरून पाहून झालेली काळी. सारे पाहून झाल्यावर ज्या पांढऱ्या उरतात त्या निरुपयोगी ठरतात आणि त्यांची जागा मोकळी होते. अडचण अशी की सफाई अर्धी झालेली असताना प्रोग्रॅम चालूच असतो. एखाद्या काळ्या टेबलात त्याने नवी पांढरी वस्तू ठेवली, तर सफाई त्या टेबलाकडे पुन्हा वळून पाहणार नाही. ती वस्तू वापरात असूनही कचरा समजून फेकली जाईल. हे टाळण्यासाठी वस्तूत काही ठेवले जाताना एक अडसर आडवा येतो. तो काळ्या टेबलाला पुन्हा करडे करतो, म्हणजे त्याची तपासणी पुन्हा होते. भाषा लिहिणाऱ्याने अनेक ठिकाणी हा अडसर लक्षात ठेवून घालायचा असतो. एका ठिकाणी जरी राहिला तरी बग झाला.

हा बग लबाड असतो. चूक घडते एका ठिकाणी आणि प्रोग्रॅम कोसळतो भलत्याच ठिकाणी, पुष्कळ नंतर, तेही नेमकी त्याच क्षणी सफाई चालू असेल तरच. शंभरदा चालवून पाहिले तरी शंभरदा सुरळीत चालेल. अशा बगला पकडण्यासाठी लुआच्या कर्त्यांनी चाचणीची खास बांधणी ठेवली आहे. तिच्यात परिस्थिती मुद्दाम सर्वांत वाईट करता येते. नवी जागा मागितली, की लगेच संपूर्ण सफाई. स्टॅक हलण्याची शक्यता आहे, तेथे तो हलवायचाच, म्हणजे त्याच्या जुन्या पत्त्यावर कोणी विसंबून राहिले असेल तर ते तेथल्या तेथे उघडे पडते. जो अपघात लाखातून एकदा व्हायचा तो पावलोपावली घडवून आणायचा आणि मग पाहायचे. व्यवस्थेचा दोष सुकाळात दिसत नाही, दुष्काळात दिसतो, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे दोष दिसावा म्हणून दुष्काळ मुद्दाम आणला जातो.

(४)

या इतिहासातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. लुआच्या प्रत्येक आवृत्तीत सापडलेल्या बगांची यादी तिचे कर्ते स्वतः प्रसिद्ध करतात. दोष काय, तो घडवून कसा पाहायचा आणि दुरुस्ती कोणती, असे क्रमवार लिहिलेले असते. त्या यादीत छपाईच्या चुकांसारखे किरकोळ दोष नाहीत. भाषेच्या मुळालाच हात घालणारे दोष आहेत.

दोन उदाहरणे घेऊ. ५.१ मध्ये बाहेरून आलेले तयार बाइटकोड तपासणारी एक यंत्रणा होती. घातक कोड आत येऊ नये म्हणून ती ठेवलेली. परंतु तिला चकवण्याच्या वाटा सापडत गेल्या. एक बुजवली की दुसरी निघे. अखेर २०११ च्या ५.२ आवृत्तीत ती यंत्रणाच काढून टाकली. अविश्वसनीय बाइटकोड यंत्र कोसळवू शकते, हे उघड सांगितले, आणि असे कोड मुळात नाकारण्याची सोय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती दिली. खोट्या पहारेकऱ्यापेक्षा दाराला पहारा नाही हे माहीत असणे बरे.

दुसरे उदाहरण मजकुराच्या साठवणीचे. लुआ प्रत्येक मजकुराचा एक आकडा काढून त्यावरून त्याची जागा ठरवीत असे. मजकूर लांबलचक असेल तर वेळ वाचवण्यासाठी त्यातली सगळी अक्षरे न घेता मधूनमधून घेतली जात. २०११ च्या डिसेंबरमध्ये अनेक भाषांच्या बाबतीत हे उघड झाले, की एकाच आकड्यावर येणारे मजकूर मुद्दाम रचून पाठवले तर सर्व्हर अडकवून ठेवता येतो. २०१२ च्या ५.२.१ आवृत्तीत लुआने दोन बदल केले. आकडा काढण्यात दर वेळी वेगळे बीज मिसळले, आणि चाळीस अक्षरांहून लांब मजकूर त्या सामाईक साठ्यात घालणेच बंद केले. कसर करण्यासाठी योजलेली युक्ती परिस्थिती पालटल्यावर धोक्याची ठरली, म्हणून ती सोडली.

पिढ्यांनुसार सफाई करण्याची पद्धतही अशीच. बहुतेक वस्तू तरुणपणीच निरुपयोगी होतात, म्हणून जुन्यांना सारखे तपासू नये, ही तिच्यामागची कल्पना. ५.२ मध्ये ती प्रयोग म्हणून आली, अपेक्षेप्रमाणे उतरली नाही, तेव्हा २०१५ च्या ५.३ मध्ये काढून टाकली. २०२० च्या ५.४ मध्ये ती नव्याने लिहून परत आणली, आणि या नव्या यंत्रणेत जुन्या वस्तूंकडे पाहणे राहून जाण्याचा बगही नंतर त्या यादीत नोंदला गेला. पोथीत चूक असू शकत नाही, असली तर ती वाचणाऱ्याचीच, अशी एक ज्ञानपरंपरा आपण जवळून पाहिली आहे. येथे पोथी लिहिणाराच समासात आपल्या चुका लिहून ठेवतो आणि वाचणाऱ्याला म्हणतो, तपासून पाहा. ज्ञानाचा अधिकार कशातून येतो, याविषयीच्या या दोन भूमिका आहेत.

(५)

परंतु भाबडेपणा नको. ही कथा काही रंजल्यागांजल्यांच्या वस्तीत घडलेली नाही. तिच्यामागे एक खाजगी विद्यापीठ आणि तेल कंपनीचा पैसा होता. भाषेचे नाव पोर्तुगीज असले तरी तिचे सगळे राखीव शब्द इंग्रजी आहेत. जगात चालायचे तर इंग्रजी हवी, हा निर्णय त्यांनाही घ्यावा लागला.

‘मुक्त’ या शब्दाचीही चिकित्सा केली पाहिजे. १९९४ ची १.१ ही पहिली सार्वजनिक आवृत्ती शिक्षणासाठी फुकट होती, व्यापारी वापरासाठी मात्र करार करायचा होता. असा एकही करार झाला नाही. टीसीएल, पर्ल यांसारख्या भाषा मोकळ्या होत्या, मग लुआसाठी पैसे कोण मोजणार? फेब्रुवारी १९९५ च्या २.१ पासून ती सर्वांना खुली झाली आणि ५.० पासून तिने एमआयटीचा परवाना घेतला. अर्थात खुलेपणामागे औदार्यापेक्षा अनुभव अधिक होता, आणि त्यात कमीपणा काही नाही. निर्णयाचा अधिकार मात्र त्या तिघांकडेच राहिला. एखादी गोष्ट भाषेत घालायची तर तिघांचे एकमत लागते. बाहेरच्यांच्या सूचना ऐकल्या जातात, बग स्वीकारले जातात, पण बाहेरून आलेला कोड जसाच्या तसा घेतला जात नाही, ते तो आपल्या हाताने पुन्हा लिहितात. नंतर घालता येते, काढता मात्र येत नाही, असा त्यांचा हिशोब आहे. त्यामुळे भाषा लहान आणि सुसंगत राहिली हे मान्य करावे लागते. पण वाचण्याचा अधिकार सर्वांना आणि ठरवण्याचा अधिकार तिघांना, ही व्यवस्था लोकशाही नव्हे, हेही म्हणावे लागते. या व्यवस्थेत एकच पळवाट आहे आणि ती मोठी आहे. ज्याला पटत नाही तो सगळा कोड उचलून आपली वेगळी भाषा करू शकतो, त्याला कोणी अडवू शकत नाही.

(६)

लुआ आज नजरेआड राहून पुष्कळ ठिकाणी काम करते. २०१३ मध्ये विकिपीडियाने आपले साचे लिहिण्यासाठी ती स्वीकारली. मराठी विकिपीडियाही त्याच यंत्रणेवर चालतो, तेव्हा आपल्या भाषेतल्या ज्ञानकोशाची पाने जुळवण्यातही रिओतल्या त्या तिघांच्या कामाचा हात आहे. आपले विद्यार्थी ती पाने वाचतात, काही जण त्यांत भरही घालतात, पण त्या पानामागे कोणते यंत्र फिरते आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

लुआचा सगळा कोड सुमारे तीस हजार ओळींचा आहे. तो कोणालाही विनामूल्य मिळतो. एका सत्रात चार-पाच जणांच्या गटाला त्याचे मुख्य भाग वाचून होतील, असा माझा अंदाज आहे. प्रथम टेबल वाचावे, मग व्हर्च्युअल मशीनचा मुख्य फेरा, आणि सफाई सर्वांत शेवटी. बगांची यादी शेजारी ठेवावी, जुनी आवृत्ती घेऊन त्यातला एक बग आपल्या यंत्रावर घडवून पाहावा, आणि दुरुस्ती न पाहता तो कोठे असेल ते शोधावे. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साधा जुना संगणक पुरतो. इंग्रजी आड येते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण टिपणे मराठीत काढायला कोणाची मनाई आहे?

नोकरीसाठी भाषा शिकणे आवश्यकच आहे, त्यावाचून आपल्या मुलांची चूल पेटणार नाही. पण नोकरीपुरते शिकलेला माणूस भाषा बदलली की पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. पोट पाहिलेल्या माणसाला दुसरी भाषा परकी वाटत नाही, कारण चवड, टेबल, सफाई या गोष्टी थोड्याफार फरकाने सगळीकडे त्याच असतात. येत्या सत्रापासून माझ्या महाविद्यालयात शनिवारी दुपारी हे वाचन सुरू करण्याचा माझा विचार आहे. इतर ठिकाणच्या शिक्षकांनीही ते करून पाहावे आणि जे सापडेल ते लिहून काढावे, चुकांसकट.